परत आलेला मध

कुणाच्याही घरी गेले की माझा हात आधी बाटलीकडे जातो. लोणचं असो, केचप असो, लहान मुलांचं टॉनिक असो, मी ती उलटी करते आणि मागचं बारीक अक्षर वाचायला लागते. बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, निव्वळ वजन, नोंदणी क्रमांक. घरातली बाई बिचारी चहा घेऊन उभी असते आणि मी तिला विचारते, "हे भरलंय कुणी?" माझी बहीण म्हणते, तुला जेवायला बोलवायचं तर आधी फ्रिजला कुलूप लावायला हवं. म्हणू दे. ही खोड मला मधानं लावली, आणि तो मध आमच्याच घरात भरलेला होता.

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बाहेरून आलेला माल आधी माझ्या टेबलावर येतो. मी मोजते, मापाचं गेज लावते, बरोबर असला तर हिरवा टॅग, नसला तर लाल. नवरा त्याच कंपनीत मशीन सेटर होता. ओळख तिथंच झाली, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. त्यावरून गावी सासूबाईंच्या कपाळावर अजून आठ्या पडतात. मग त्याची लाइन बंद झाली, कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो घरी बसला. घरी बसलेल्या माणसाची एक चाल असते. तो दिघीच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालायचा. मी फर्स्ट शिफ्ट करून आले की भांडी घासलेली, कपडे वाळत घातलेले, आणि हा तसाच उभा. मला वाईट वाटायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदमच.

त्याचे मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, भीमाशंकरच्या डोंगरात राहतात. घरामागं सातेरी मधमाश्यांच्या लाकडी पेट्या आहेत. त्या उन्हाळ्यात ते आम्हाला भेटायला आले तेव्हा मधाचा एक डबा घेऊन आले. झाकण उघडलं आणि खोलीभर वास सुटला. शेजारच्या वहिनी चव घेऊन गेल्या, मग त्यांची जाऊबाई आली, मग वरच्या मजल्यावरचे. दोन दिवसांत डब्याचा तळ दिसला. नवरा म्हणाला, "अगं, हे मी करू शकतो." कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात जीव आला होता.

आम्ही सुरू केलं. तो मामांकडून डबे आणायचा, पातळ फडक्यातून गाळायचा, उकळून वाळवलेल्या बाटल्यांत भरायचा. नोंदणी, लेबल, कागदपत्रं हे माझ्याकडे. मी म्हटलं, आपल्याकडे काम होईल ते कंपनीसारखं होईल. पहिल्या डब्यातला नमुना मी पुण्यातल्या एका लॅबला दिला. पास झाला. तो रिपोर्ट मी फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावला, येणारा-जाणारा बघेल असा. मग ढीगभर लेबलं छापून आणली. 'भीमाशंकरच्या डोंगरातला मध', खाली सगळी कायद्याची माहिती, आणि अगदी शेवटी 'तपासणी' असं लिहून पुढं माझी सही. सही कायद्यात लागत नाही. मला हौस! कंपनीत माझी सही कोपऱ्यातल्या रजिस्टरात राहायची, इथं ती घरोघरी ओट्यावर जाणार होती. बॅच नंबरसुद्धा मी सगळ्या लेबलांवर एकच छापून घेतला. कंपनीत शिफ्टचा पहिला पीस तपासतात, तो बरोबर असला की मशीनला हिरवा टॅग अडकवतात, आणि सेटिंग बदलत नाही तोवर लाइन चालू. मामा तेच, माश्या त्याच, डोंगर तोच. मी मधाला हिरवा टॅग अडकवून टाकला.

थंडी पडली आणि बाटल्या गोठल्या. तळापासून रवा धरायला लागला, वर वर चढला, आणि पंधरा दिवसांत मध पांढरट, तुपासारखा घट्ट झाला. मामांनी आधीच सांगितलं होतं, थंडीत बसतो म्हणून, बाटली कोमट पाण्यात ठेवली की सुटतो म्हणून. पण आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. देहूरोडला सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, आवाज असा की पार्किंगमधल्या गाड्यांनी हॉर्न बंद करावेत. संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर सगळे बसलेले असताना ते बाटली घेऊन उतरले. मी नुकतीच कंपनीच्या बसमधून उतरले होते, गळ्यात आयकार्ड तसंच.

"काय रे, साखर विकतोस होय?" त्यांनी चमचाभर पांढरा मध काढून सगळ्यांना दाखवला. "बघा, बघा कशी खाली बसलीय. मी आयुष्यभर तपासणी केलीय. मला फसवतोस?"

नवरा म्हणाला, "काका, तो गोठतो, खरा..."

"गप रे! चोर तो चोर, वर मला शिकवतो!"

कट्ट्यावरचे काही हसले. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मला सगळं माहीत होतं, मी दोन वाक्यांत समजावू शकले असते. मी मूग गिळून उभी राहिले. त्या रात्रीच्या जेवणाआधी एकेक जण बाटल्या परत आणून देत होता, आणि नवरा प्रत्येक झाकणावर मार्करनं फ्लॅट नंबर लिहून ठेवत होता, कुणाचं काय परत आलं ते कळावं म्हणून. शेवटी त्यानं विचारलं, "मी समजावून सांगू का त्यांना, एकेकाला?"

मी कांदा चिरत होते. दिवसभर कंपनीत एका सप्लायरशी डोकं लावून आले होते. म्हटलं, "गिऱ्हाईकानं रिजेक्ट केलं म्हणजे रिजेक्ट. कारणं सांगत बसायचं नसतं. माल बदलून द्यायचा."

त्यानं बाटल्या माळ्यावर चढवल्या.

माल बदलला. पुढच्या महिन्यापासून नवे डबे आले. ते यायचे तेव्हा मी ड्यूटीवर असायची. घरी येईपर्यंत बाटल्या भरून ओळीनं उभ्या. मामांच्या मधाचं एक असायचं, प्रत्येक डब्याचा रंग वेगळा. एक काळपट, एक पिवळा, एक लालसर. मला ते आधीपासून खटकायचं. आता मात्र डब्यामागून डबा एकाच रंगाचा, एकाच धारेचा. मी बाटल्या खिडकीत उजेडाला धरल्या आणि खूश होऊन म्हणाले, "अरे वा! व्हेरिएशन शून्य! काय केलंस तरी काय?"

"गाळणं बदललं," तो म्हणाला. त्याची मान नरसाळ्यावर होती.

इतकी वर्षं मी हेच तर बघत आले होते. हजार पीस हातात घ्यावेत आणि हजारही सारखे निघावेत, याहून चांगली गोष्ट माझ्या जगात नाही. झाडाझाडाचा, ऋतूऋतूचा मध सारखा कसा असेल, हा प्रश्न शाळेतल्या पोरानं विचारला असता. मला पडला नाही. मी त्याला शाबासकी दिली!

बाटल्या गोठेनात. काका पुन्हा घेऊन गेले, दोन घेऊन गेले, आणि कट्ट्यावर म्हणाले, "आता कसा सरळ झाला बघा." नवऱ्याचं नाव झालं. तरी मला काहीतरी टोचत होतं. वास नव्हता. सकाळी चहाआधी मी झाकण काढून हुंगायची, परत लावायची, परत काढायची. पेल्यात पाणी घेऊन थेंब सोडून पाहिला, तो सरळ तळाशी. काडेपेटीची काडी बुडवून ओढली, ती पेटली. शेजारच्या वहिनींनी टाळ्या वाजवल्या. घट्ट पाकही पाण्यात तळाशीच जातो, हे मला समजायला हवं होतं, पण मला पास करायचं होतं. मी स्वतःला म्हटलं, थंडीत वास कमीच येतो.

पुढचीही एक थंडी बाटल्या न गोठता गेली. वैशाखात एके दिवशी कँटीनमध्ये ताट घेऊन बसले आणि फोन वाजला. मामा.

"सूनबाई, यंदाबी मध न्यायला कुनी आलं न्हाई. मागल्या सालचं दोन डबं तसंच हायेत, यंदाचं भरलं. भाच्याला फोन लावला तर म्हनला, सांगतो, सांगतो." मग म्हणाले, "आमचं काय चुकलं का, पोरी? मागचा मध काय वाईट निघाला व्हय?"

मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही. ताट तसंच ठेवून उठले. दुपारी मी एक अख्खी पेटी लाल केली, आणि सुपरवायझरनं परत मोजली तर माल चांगला होता. बसमध्ये बसवेना. चाकण चौकात ट्रॅफिक तुंबलं तेव्हा मी ड्रायव्हरला दार उघडायला लावलं आणि उतरून कंटेनरच्या रांगेकडेनं चालत सुटले. कुठं पोचायचं होतं कोण जाणे! मैलभर चालल्यावर बस मागून आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. सगळ्या बायका खिडकीतून माझ्याकडे बघत होत्या.

नवऱ्याला काही बोलले नाही. ओट्यावरची एक सीलबंद बाटली पिशवीत टाकली, दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकला आणि त्याच लॅबला नेऊन दिली. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. समोर बसून जेवायचं, तो म्हणायचा आज चार बाटल्या गेल्या, मी म्हणायची हो का. फरशी पुसलेली असताना पुन्हा पुसायची. त्याच्या बारीकसारीक गोष्टींवर भडकायची, टॉवेल इथं का, चप्पल तिथं का. तो काही न बोलता टॉवेल उचलायचा, आणि त्या गप्प बसण्याचा मला जास्तच राग यायचा.

रिपोर्ट आला. मानकात बसत नाही. साखरेचा पाक मिसळलेला. मी तो फ्रिजच्या दारावर जुन्या रिपोर्टच्या शेजारी लावला आणि चहा ठेवला. नवरा दूध काढायला आला. वाचलं. दुधाची पिशवी हातातच राहिली.

"मामांचा फोन आला होता," मी म्हटलं.

तो खाली बसला, तिथंच, फरशीवर. "भोसरीत एका गाळ्यावरून आणतो. तो म्हणाला, राव, हा गोठतच नाय, गॅरंटी. रिपोर्टची झेरॉक्सपण दिली."

"आणि तू विचारलं नाहीस, का गोठत नाही?"

"नाही. विचारलं असतं तर परत फिरावं लागलं असतं."

"आणि लेबल? भीमाशंकरचा डोंगर? माझी सही? अरे, निदान सही तरी खरवडायचीस!" मी ओरडले. बाल्कनीतलं कबूतर उडालं, इतकी ओरडले.

तो ओरडला नाही. म्हणाला, "त्यांनी मला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. तू तिथंच उभी होतीस. वर घरात येऊन म्हणालीस, माल बदलून द्यायचा. मी बदलून दिला."

चहा उतू गेला. गॅस बंद करायला दोघांपैकी कुणी उठलं नाही, मग मीच उठले.

आमच्या कंपनीतून खराब लॉट बाहेर गेला तर आमचा माणूस गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन उभा राहतो आणि एकेक पीस परत निवडून आणतो. मी दोनदा गेले आहे. तिथले हेल्परसुद्धा आपल्याकडे बघून हसतात. मी म्हटलं, रविवारी घरोघरी जायचं. तो म्हणाला, "लोक तोंडावर थुंकतील." मी म्हटलं, पुसू.

गाळ्यावरचा मध बंद केला, उरलेला मोरीत ओतला, त्या दुकानदाराची तक्रार मी अन्न खात्याकडे लिहून दिली आणि त्यात आमचंही नाव लिहिलं. आणि रविवारी सकाळी आम्ही दोन पिशव्या घेऊन निघालो. एक रिकामी, परत घ्यायच्या बाटल्यांसाठी. दुसरीत माळ्यावरचा मामांचा गोठलेला मध, बदली द्यायला. दारात मी बोलायची. "लॉटमध्ये जरा गडबड झालीय, बाटली परत द्या." हे मी कंपनीत शिकलेलं वाक्य, त्यात कुणी काहीच केलेलं नसतं. नवरा मागं पिशव्या धरून उभा.

लोक थुंकले नाहीत. लोकांना बाटली द्यायचीच नव्हती! "चांगला आहे की हो, कसला पातळ, चपातीवर पसरतो." एकीनं तर बाटली पदराआड केली. मी पांढरी बाटली पुढं केली की नाक मुरडायचे. "ही साखर झालेली नको गं बाई, तुझी तूच ठेव." चार मजले चढून उतरलो, तरी मामांची एकही बाटली गेली नाही. मला दरदरून घाम सुटला होता, आणि हसूही येत होतं, जे अजिबात बरं नव्हतं.

काकांचं दार मी शेवटी ठेवलं होतं.

"गडबड म्हणजे काय?" ते चष्मा पुसत म्हणाले. "नीट सांग. मी तपासनीस होतो."

"म्हणजे काका, प्रोसेसमध्ये थोडा..."

"पाक आहे, काका," नवरा मागून म्हणाला. "मध नाहीच तो. मी आणला बाहेरून."

मी वळून पाहिलं. त्याची मान वर होती.

काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "आणि तो पहिला? साखर झालेला?"

"तो खरा होता. माझ्या मामांचा."

नवऱ्यानं पिशवीत हात घालून शोधलं आणि झाकणावर काकांचा फ्लॅट नंबर लिहिलेली बाटली काढली. त्यांनीच परत केलेली. काकांनी ती घेतली, नंबर वाचला, आत जाऊन चमचा आणला. उभ्याउभ्या खरवडून तोंडात घातला. तोंडातला रवा विरघळेपर्यंत ते दाराला टेकून उभे होते. मग पायात चपला सरकवल्या.

"चल खाली."

गुडघ्यांनी त्यांना जिने झेपत नाहीत. कठडा धरून, प्रत्येक वळणावर थांबत, ते बाटली घेऊन उतरले. रविवार, कट्टा भरलेला. काकांनी टाळी वाजवली.

"ऐका रे सगळे. ह्या पोराला मी इथं चोर म्हटलं होतं. त्याचा मध खरा होता, मला अक्कल नव्हती. चूक माझी."

एकदम कल्ला झाला. कुणीतरी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली, "क्या बात है, भावा!" एक जण म्हणाला, आम्हाला वाटलंच होतं. दीड वर्ष ज्याची वाट पाहिली ते त्याला मिळालं होतं, आणि ज्यांच्या घरी पाकाच्या बाटल्या होत्या त्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं. खरं सांगते, मला वाटलं, इथंच थांबावं. झालं की! मी त्याची बाही ओढली. "बस आता," हळूच म्हटलं.

त्यानं माझा हात काढला.

"काकांनी अर्धंच सांगितलं," तो म्हणाला. "तो खरा होता. त्यानंतरचा तुम्ही सगळे वर्षभर खाताय तो खोटा आहे. पाक आहे. मला माहीत नव्हतं असं नाही, मी माहीत करून घेतलं नाही."

 मग पदराआड बाटली धरणारी ती बाई बाटली घेऊन पुढं आली आणि लेबलावर बोट ठेवून म्हणाली, "मग ही सही कुणाची?"

नवरा म्हणाला, "माझीच समजा, वहिनी."

"माझी आहे," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही, म्हणून परत म्हटलं. "माझी सही आहे. न तपासता केलेली. आणि काका ओरडले त्या दिवशी मध का गोठतो ते मला माहीत होतं. मी बोलले नाही."

त्या बाईनं बाटली माझ्या हातात दिली. मागोमाग बाकीच्यांनी आणून दिल्या. रिकामी पिशवी भरली, मग कुणीतरी घरून बादली आणली. बदली बाटली काकांशिवाय कुणी घेतली नाही, आणि त्यातले बरेच जण आमच्याकडून परत कधी काही घेणार नाहीत, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ठीक आहे. मीही घेतलं नसतं.

वर आल्यावर नवऱ्यानं मामांना फोन लावला. दोनदा "मामा" म्हणाला आणि पुढं त्याला बोलता येईना, तेव्हा फोन मी घेतला.

"मामा, तुमचं काही चुकलं नव्हतं," मी म्हटलं. "मध चांगला होता. आमचं चुकलं."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. 

"व्हय का?" मामा म्हणाले. "मंग येवढं सांगाया वरीस लागलं, पोरी? म्या पेट्या इकायला काढल्या व्हत्या."